नानांच्या वाडग्यातल्या चार मेंढ्या

१

चौथी मेंढी मंगळवारी सकाळी मेलेली सापडली. मी नळाखाली कळशी लावून उभी होते, तेवढ्यात समोरून धोंडूची हाक आली. हाक कसली, नुसतं "नाना" म्हणाला तो. पण असं म्हणाला की मी कळशी वाहती सोडली आणि तशीच गेले.

बोरिवलीला स्टेशनाच्या पूर्वेला तेव्हा आमची सोसायटी म्हणजे सात बैठी घरं. बाकी सगळं गवत, ताडाची झाडं आणि लांबवर कान्हेरीचा डोंगर. सातातल्या पाच घरांना अजून कुलपं होती, मालक यायचे होते. एका घरात मी आणि शेवटच्या घरात नाना. मध्ये वाडगं, म्हणजे काट्यांचं कुंपण घालून मेंढ्या कोंडायची जागा.

नाना म्हणजे मार्तंडराव. कचेरीतले हेडक्लार्क, नुकतेच रिटायर झालेले. बायको पावसाळ्यात गेली, आणि दसऱ्याला नानांनी फंडाच्या पैशातून चाळीस मेंढ्या घेतल्या. मी दिवाळीच्या तोंडावर राहायला आले, त्यामुळे त्यांची बायको मी पाहिलीच नाही. मेंढ्या तेवढ्या पाहिल्या.

मेंढी आडवी पडली होती. पोट ढोलासारखं फुगलेलं, तोंडाला फेस. मी वाकले तर वास आला आंबट, आंबोळीचं पीठ दोन दिवस विसरलं की येतो तसा. नाना तिच्याजवळ खाली बसले होते आणि तिचा कान चाचपत होते, ताप बघावा तसा.

"चौथी," ते म्हणाले.

दुपारच्या आत नानांचा जावई विद्याधर घाटकोपरहून हजर झाला. विम्याच्या कचेरीतला माणूस, कागद खिशातच. त्याने मेंढी पाहिली, धोंडूला पाहिलं आणि सरळ बोलला.

"हा विष घालतोय. उद्या सकाळी मी हवालदाराला घेऊन येतो. तोवर हा इथून हलायचा नाही."

धोंडू फलटणकडचा धनगर, नानांनी मेंढ्या राखायला ठेवलेला. काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली, आणि चौकीवर नेला तर काय होणार ते तिथेच ठरलं. धनगराला कोण विचारणार की बाबा, तू केलंस का?

मला ते पटलं नाही. पण मी काही बोलले असते तरी कुणी ऐकलं नसतं. दिवाळीत मी सगळ्यांना सांगितलं होतं की डोंगरातला वाघ आपल्या नळावर पाणी प्यायला आला आणि जाताना नळ बंद करून गेला. तेव्हापासून माझ्या शब्दाची किंमत काय ती मला ठाऊक होती.

माझ्या हातात एक दिवस होता. तसे माझ्याकडे दिवसच दिवस होते म्हणा. आमचे हे मालगाडीवर गार्ड. सांगून जायचे संध्याकाळी येतो, आणि यायचे तिसऱ्या दिवशी. दिवसभर बोलायला धोंडूच्या मेंढ्या, नाहीतर चूल.

२

विद्याधरला मी चहा दिला. चहा दिला की माणूस बसतो, आणि बसला की बोलतो.

"वहिनी, धंदा वाईट नाही," तो म्हणाला आणि कागद उलगडला. "लोकर वर्षातून दोनदा. कोकरं. लेंडीखत, ते शेतकरी विकत नेतात. तीन वर्षांत मुद्दल सुटतं. बँकेत ठेवून काय मिळतं?"

"कागदावरच्या मेंढ्या काय खातात?"

"चरतात की. फुकट."

"मग पावसात?"

त्याने कागद उलटून बघितला. पावसाचा रकाना कागदावर नव्हता.

मी विचारलं, मेंढ्या कधी कधी मेल्या? तेही त्याने लिहून ठेवलं होतं. पंधरा नोव्हेंबर, चौदा जानेवारी, बारा फेब्रुवारी, आणि आज तेरा मार्च.

"बघा, वार वेगळे, तारखा वेगळ्या," तो म्हणाला. "रोग असता तर पसरला असता. हे कुणीतरी मनाला येईल तेव्हा करतंय. डिसेंबरात का नाही केलं, ते हवालदार विचारेल त्याला."

"मेंढ्या संपल्या तर नानांचं काय?"

"येतील आमच्याकडे. सासूबाई सतरा ऑगस्टला गेल्या, तेव्हापासून आमची जयंती त्यांच्या मागे लागलीय. पण जावयाच्या घरी राहायचं नाही म्हणून तर हा मेंढ्यांचा उद्योग." त्याने कप खाली ठेवला. "प्लॉट विकला तर आजही बरे पैसे येतील."

हे शेवटचं तो माझ्याशी नाही, कपाशी बोलला.

मग मला वाटलं, मेंढ्या मरण्यात धोंडूचा काय फायदा आहे ते मला अजून कळलं नाही. पण विद्याधरचा आहे, हे मात्र कळलं.

३

धोंडू वाडग्याच्या दाराशी बसला होता. मेंढ्या आज चरायला सोडल्या नव्हत्या, त्या सगळ्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या.

"वैनी, म्या इख घालीन व्हय?" तो म्हणाला. "माझ्याच हातची जनावरं. ही दाणं खाऊन मेलीया. पोट फुगतं, आंबूस वास मारतो. आमच्याकडं मेंढरू जुंधळ्याच्या राशीत घुसलं की आसंच मरतं."

"मग सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. जावईबापू म्हणलं, हितं दाणं हायती कुठं? आन खरंच, न्हाईती."

मी विचारलं, या चारच का मेल्या? त्याने बोटांवर एकेक मेंढी मोजली. मग म्हणाला, चारही मागं राहिलेल्या होत्या. तो रोज कळप घेऊन डोंगराच्या अंगाला जायचा. जी लंगडी असेल किंवा गाभण असेल ती एखादी वाडग्यातच ठेवायचा. मेली ती दर वेळी आदल्या दिवशी मागे राहिलेली.

म्हणजे दुपारी धोंडू नसताना कुणीतरी वाडग्याशी येत होतं.

मी कुंपणाच्या कडेने फिरले. नानांच्या घराच्या बाजूला काटे जरा विरळ होते, हात आत जाईल एवढे. तिथे मातीत मला एक बारीक काडी मिळाली, दोन्ही टोकांना तासलेली. मी ती उगाच पुसली आणि पदराला खोचून ठेवली. काडीचं मला काय करायचं होतं ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यात दहिसरचा काशीराम खाटीक आला. मेलेल्या मेंढीचं कातडं तो तीन रुपयांना नेणार होता. पहिल्या तिन्ही नानांनी पुरल्या होत्या, या वेळी विद्याधरने हिशेबाने त्याला बोलावलं.

"तुझंच बरं आहे," मी म्हटलं. "इथे मेंढी मेली की तुला कातडं."

"काय बाई, तीन रुपड्यासाठी मी विष घालीन?" तो सुरी काढत म्हणाला. "जितं द्या ना, पंचवीस देतो. नानांना बोललो दहादा. बाई, हिशेब सोपा आहे. मेंढी पाळायची ती खाणाऱ्यासाठी. लोकरीत कांबळंपण निघत नाही धड. यांना विकायची नाही, कापायची नाही, मग हा धंदा कसला? हा पाहुणचार झाला."

"आणि जावईबापू? ते काय म्हणतात?"

"तो हुशार आहे. तो पहिला माझ्याकडे म्हशींचं विचारायला आला. जोगेश्वरीच्या तबेल्यात म्हैस आटली की स्वस्तात मिळते, ती घ्यायची, चार महिने चारायची आणि वांद्र्याला कसायाला द्यायची. पैसा तिथेच आहे ना. पण नानांच्या कानावर गेलं, तर पंधरा दिवस जावयाशी बोलले नाहीत. मग मेंढ्यांवर तडजोड."

बोलता बोलता त्याने मेंढीचं पोट फाडलं. मी तोंड फिरवलं. मग तो म्हणाला, "बाई, हे बघाच."

मी बघितलं. विष कसं दिसतं मला माहीत नाही. पण भात कसा दिसतो ते माहीत आहे. आत भात होता, पोतंभर म्हटलं तरी चालेल. आणि त्यात पिवळं काहीतरी.

धोंडू बाजरीची भाकरी खायचा. या माळावर भात फक्त दोन घरांत शिजत होता. एक घर माझं. आणि काल सोमवारी मी चूलच पेटवली नव्हती.

४

काशीरामला मी गप्प राहायला सांगितलं. तो म्हणाला, मला काय पडलंय, आणि कातडं घेऊन गेला.

घरी आले, दार लावलं. काल मी चूल का पेटवली नव्हती? काल सोमवती होती. सोमवारी आलेली अमावास्या. माझा उपास.

मी बसल्या जागेवरून उठले आणि खुंटीवरचं पंचांग काढलं. विद्याधर तारखांनी चालला होता. कचेरीत सगळं तारखांनीच चालतं. मी त्याच्या तारखा तिथीत बसवायला लागले. चौदा जानेवारी, संक्रांत. आदला दिवस अमावास्या. बारा फेब्रुवारीचा आदला दिवस अमावास्या. पंधरा नोव्हेंबरचा आदला दिवस, दिवाळीची अमावास्या. चारी मेंढ्या अमावास्येला काहीतरी खाऊन दुसऱ्या दिवशी मेल्या होत्या.

मग डिसेंबर? बोट तिथे नेलं आणि मला ती दुपार आठवली. कार्तिकातल्या अमावास्येला सूर्यग्रहण लागलं होतं. मी परातीत पाणी घेऊन अंगणात एकटीच बसले होते आणि पाण्यातला कुरतडलेला सूर्य बघत होते. नानाही त्यांच्या ओट्यावर होते. मी लांबून विचारलं, जेवण? ते म्हणाले, आज चूल नाही, कडक उपास. ग्रहणाच्या दिवशी मेंढी मेली नाही, कारण ग्रहणाच्या दिवशी नानांकडे शिजलंच नाही.

अजून एक तारीख राहिली होती. सतरा ऑगस्ट, नानांची बायको गेली तो दिवस. मी पानं मागे उलटली. पिठोरी अमावास्या.

तेव्हा मला पदराला खोचलेली काडी आठवली. पत्रावळीची पानं अशाच काडीने टोचतात. पानं मेंढीने खाल्ली असणार, काडी राहिली.

महिन्यातून एकदा नानांकडून नळावर घासायला एक मोठं पातेलं निघायचं. एकट्या माणसाकडे एवढं पातेलं कशाला, म्हणून मी मनातल्या मनात हसले होते. आता हसू येईना.

५

चार वाजता मी त्यांच्याकडे गेले. नाना खिडकीशी बसून वाडग्याकडे बघत होते. भिंतीवर बायकोचा फोटो, हार ताजा, कालचा.

"या, माणिकबाई," ते म्हणाले. "विद्याधर चौकीवर गेलाय, उद्याचं सांगायला. धोंडूवर माझा भरवसा होता हो."

मी काय विचारायचं ते ठरवून गेले होते. पण चुलीजवळ मला माप दिसलं. पितळेचं, शेराचं, कडेला चेपलेलं.

"काल पुरण केलंत?"

ते दचकले. मग लाजले. साठीचा माणूस लाजला की बघवत नाही.

"विद्याधरला सांगू नका. तो म्हणेल, म्हाताऱ्याला वेड लागलं. वर्ष होईपर्यंत दर अमावास्येला तिचं पान वाढतो. भटजी मिळत नाही इकडे, आणि कोणी जेवायला येईल असंही नाही. स्वयंपाक मी तिच्याच मापाने करतो. आम्ही सहाजण होतो एके काळी, तेव्हाचं माप आहे ते. कमी घेऊन बघितलं एकदा. घास गिळेना."

"मग तेवढं सगळं?"

"तिने कधी अन्न टाकलं नाही. गायीला द्यायची. इथे गाय कुठाय? म्हणून मेंढीला देतो. दुपारी एखादी मागे राहिलेली असते, एकटीच. मी हाक मारतो, येते. पत्रावळ चाटूनपुसून खाते. माझ्याकडे बघत बघत खाते." ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. "दिवसभरात तेवढीच पंगत."

मी पदरातली काडी मुठीत घट्ट धरली.

आता खरं सांगायचं तर धोंडू सुटणार होता. आणि हा माणूस? बायकोच्या नावाने वाढलेल्या प्रत्येक पानाने एकेक जीव गेला, हे कळल्यावर हा माणूस त्या खिडकीत परत बसला असता का? नाही सांगायचं, तर उद्या सकाळी धोंडूच्या हाताला दोरी.

नाना म्हणाले, "पाणी घेता?"

मी घेतलं. पाणी पिऊन होईपर्यंत विचार केला, आणि विचार झाला नाही.

६

सकाळी हवालदार आला. पोट सुटलेला, सायकल हातात धरून चालत. विद्याधर पुढे. धोंडूने घोंगडं घडी करून काखेत घेतलं होतं, जायचंच आहे असं समजून. नाना दारात उभे होते.

"हाच का?" हवालदार म्हणाला.

"हा नव्हे," मी म्हटलं. "मी."

सगळे माझ्याकडे वळले. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण अशी ऐकणारी मंडळी मला कधी मिळाली नाही.

मी सांगायला लागले. की आमचे हे गार्ड. येतो म्हणतात आणि येत नाहीत. मी रोज दोघांचा भात घालते आणि एकाचा उरतो. एकटीने किती शिळं खायचं? मग दोनचार दिवसांचं साठवून, पाटीभर, दुपारी कुणी नसताना मेंढीला घालायचे. विष नाही काही नाही, साधा भात. तो मेंढीला बाधतो हे मला कुठे माहीत? काल काशीरामने पोट फाडून दाखवलं तेव्हा कळलं. पाहिजे तर त्याला विचारा.

"वहिनी, तुम्ही?" विद्याधर म्हणाला. "अहो, चार मेंढ्या म्हणजे शंभराच्या वर गेले."

"वाघाच्या वेळी तुम्ही मला खोटी ठरवलीत. आता मानाल ना, मी किती मूर्ख आहे ते?"

ते त्याने लगेच मानलं.

हवालदार धोंडूकडे बघून म्हणाला, "काय रे, भातानं मेंढी मरते?"

"मरती साहेब. म्या सांगत हुतो."

"मग मला कशाला बोलावलं? बाईनं भात घातला हा गुन्हा लिहू मी?" त्याने सायकल वळवली. जाताना मला म्हणाला, "बाई, थोडा कमी शिजवा."

विद्याधर त्याच्यामागे सारवासारव करत गेला. धोंडूने घोंगडं खाली ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता वाडग्याचं दार उघडलं. मेंढ्या डोंगराकडे निघाल्या.

नाना मात्र दारातच होते. माझ्याकडे बघत होते. मग ते आत गेले आणि दार हळूच लावलं.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. मी त्यांच्या चार मेंढ्या मारल्या होत्या.

७

चार आठवडे ते खरंच बोलले नाहीत.

तेवढ्यात धोंडूनेच मेंढ्यांचा हिशेब लावला. म्हणाला, नाना, मेंढरू एका जागी ठेवून परवडत न्हाई. पावसात हितं खुरं सडतील, चारा इकत घ्यावा लागंल. मला द्या, घाटावर नेतो, दिवाळी झाली की पुन्हा खाली कोकणात उतरतो, रानात बसवतो, शेतकरी खताचं धान्य देतो. जी कोकरं हुतील ती निम्मी तुमची, निम्मी माझी. विद्याधरच्या कागदावर हे नव्हतं. पण नाना हो म्हणाले, आणि छत्तीस मेंढ्या एका सकाळी धुळीत दिसेनाशा झाल्या. पुढची कित्येक वर्षं धोंडू दिवाळीनंतर यायचा, नानांची कोकरं दाखवून जायचा. पैसे म्हणाल तर मुद्दल सुटलं, वर थोडं. घाटकोपरला जायची वेळ आली नाही. मेंढ्यांत पैसा आहे का, तर आहे, चालणाऱ्याला. कुंपण घालून खिडकीतून बघणाऱ्याला नाही.

पण त्या वर्षी त्या गेल्या तेव्हा माळावर एवढं सामसूम झालं की नळ गळायचा तो मला घरात ऐकू यायचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी एक वाजता माझी कडी वाजली. मला वाटलं हे आले. दारात नाना होते. हातात मोठं पातेलं, वर ताट झाकलेलं, आणि काखेत तीन पत्रावळी. अमावास्या होती.

"माणिकबाई," ते म्हणाले, "मेंढीला भात चालत नाही म्हणे."

"नाही चालत."

"काशीराम भेटला होता स्टेशनवर. म्हणाला, भातात पुरण होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पातेल्याकडे बघितलं. "तुम्ही पुरणाचं कुठे बोलला नाहीत."

मी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं. जड होतं.

मी पत्रावळी मांडल्या. ते उंबऱ्याच्या आत, दाराशीच बसले, लगेच उठता यावं म्हणून बसतात तसे. पहिलं पान त्यांच्या बायकोच्या नावाने वाढून मी बाजूला ठेवलं, बाकीचं आम्ही दोघांनी खाल्लं. पुरणात जायफळ जास्त झालं होतं, ते मी सांगितलं. ते म्हणाले, तीही हेच म्हणायची.

हात धुऊन ते निघाले. दोन पावलं गेले आणि थांबले.

"हवालदारापुढे तुम्ही म्हणालात, रोज दोघांचा भात घालता आणि एकाचा उरतो," ते म्हणाले. "ती थाप चांगली होती."

"त्यात तेवढंच खरं होतं, नाना," मी म्हटलं.